खंडेनवमीला गेलेला मेसेज

आधीच सांगते, भूत, देवीचा कौल, अंगारा... कशावर म्हणजे कशावर माझा विश्वास नाही. कल्याण स्टेशनबाहेर उभी राहून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटणारी पोरगी मी. असे अनुभव वाचून खदाखदा हसायचे. आज स्वतःच लिहितेय. हसा तुम्हीही, पण पूर्ण वाचून हसा.

मी राहते आंबिवलीला, नोकरी नौपाड्यात. आमचं ऑफिस घरोघरी ऑक्सिजन सिलेंडर पुरवतं. सगळं ऑटोमॅटिक. सिलेंडर संपत आला की पेशंटच्या घरचे मोबाईलवर एक बटण दाबतात आणि सॉफ्टवेअर थेट व्हॅनच्या ड्रायव्हरला, आमच्या दिनेशदादाला, मेसेज पाठवतं. या साखळीला आम्ही फ्लो म्हणतो. फ्लो पॉज केला की मागण्या आत अडकतात, रिझ्यूम केला की सुटतात. ड्रायव्हरचा नंबर मात्र पेशंटला द्यायचा नाही, असा मालकांचा नियम. का? धंदा फुटतो म्हणे!

गेल्या वर्षी खंडेनवमीला दुपारी सरांनी — म्हणजे मालकांनीच — पाट मांडला. त्यावर लॅपटॉप, शेजारी ऑफिसचा मोबाईल सायलेंटवर. हळद, कुंकू, झेंडूचा हार. आणि स्वतःच्या हाताने फ्लो पॉज केला.

"सर, हे काय करताय?"

"अगं, आज हत्यारं वापरायची नसतात. त्यांनाही विश्रांती."

"दिनेशदादाने व्हॅनला हार घातलाय, तरी तो ड्युटीवर आहे ना? आणि पेशंटने श्वास कधी घ्यायचा, दसऱ्यानंतर?"

"तुझी पत्रकं स्टेशनवर वाट, इथे नको. तासाभरात चालू करतो. जा घरी."

मी तणतणत गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा — आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून मी विहारात बसलेले, तर सरांचा फोन. "अगं, ते परत चालू कसं करतात?"

म्हणजे कालपासून बंद! डोकं सणकलं माझं. त्याच साडीत ऑफिस गाठलं, हार बाजूला फेकला आणि रिझ्यूम दाबलं. अडकलेली एकच मागणी सुटली. खडवलीच्या सुमनबाई, काल दुपारची. मोबाईल उघडला तर त्यांच्या सुनेचे, रेखावहिनींचे, मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल. फुफ्फुसं पार थकलेली बाई. काल दुपारपासून आतापर्यंत...

नंबर फिरवणार, तोच दिनेशदादाचा फोन.

"काय गं, खडवलीचा मेसेज परत कशाला? काल दिला की मी सिलेंडर!"

"काल? तुला सांगितलं कोणी?"

"मेसेज आला ना तुमचा. मस्करी करतेस काय सणाची?"

वहिनींना फोन लावला. "आला हो ताई कालच. आईंची नखं निळी पडलेली, मी रडतच होते दारात... तेवढ्यात गाडी वळली."

संध्याकाळी दादाचा फोन हातात घेऊन पाहिला. दोन मेसेज. एक कालचा, एक आजचा. शब्द तेच, पाठवणारा नंबर आमचाच. सॉफ्टवेअरमध्ये मात्र फक्त आजचा. आणि कालचा मेसेज गेला असता, तर आज मागणी आत अडकलेली सापडली कशी? सॉफ्टवेअरवाले म्हणाले, आमच्याकडून काल काहीच गेलं नाही. मी स्वतः पुन्हा पुन्हा पॉज करून पाहिलं. एकदाही मेसेज सुटला नाही. एकदाही!

खरा संताप पुढेच आहे. सर दोन्ही हात जोडून म्हणाले, "बघ! देवीने सांभाळलं की नाही?"

"आणि पॉज कोणी केलं होतं सर? तेही देवीनेच?"

दुसऱ्याच दिवशी सरांनी लॅपटॉपच्या मागे देवीचा मोठा फोटो लावला. प्रत्येक नव्या ग्राहकाला चमत्कार सांगतात, निळ्या पडलेल्या नखांचं सांगत नाहीत. यंदाही पॉज करणार म्हणे. काळजी कसली, ती आहे ना बघायला!

परवा रेखावहिनींचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "ताई, खंडेनवमी जवळ आली... यंदाही तो मेसेज जाईल ना हो?"

काय सांगू? तो कोणी पाठवला हेच मला माहीत नाही. वर्ष झालं, डोकं फोडून घेतलं, उत्तर नाही. पटत नसलं तरी लिहितेय, कारण घडलंय.

वहिनींना म्हटलं, "त्या मेसेजची वाट बघत बसू नका. पेन घ्या." आणि दिनेशदादाचा नंबर दिला. मग एकेक करून बाकीच्या घरांनाही दिला. दादा म्हणाला, "दे बिनधास्त, मी उचलतो."

सर हे वाचतील. काढायचं तर काढा कामावरून.