क्युरासावची गोलकीपर, टिलबर्गचं मैदान

आइंडहोवनला बहिणीकडे येऊन मला आठवडा झाला होता आणि पवनचक्क्या बघायची हौस पार फिटली होती. ‘‘ताई, उद्या टिलबर्गला येतेस? फुटबॉल आहे,’’ लताने भीत भीत विचारलं. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉलवरून पेठापेठांत अबोला धरतात. हे काय विचारणं झालं?

सकाळच्या गाडीने चौघी निघालो. मी, लता, तिच्या शेजारची शरीना आणि शरीनाची आजी. आजी मूळची क्युरासावची. कॅरिबियन समुद्रातलं हे एवढंसं बेट डच राजाच्याच छत्राखाली आहे, पण त्याचा बायकांचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे. मूळ बेटावरच्या कितीतरी मुली इकडेच वाढलेल्या, म्हणून त्यांतून खेळाडू निवडायला प्रशिक्षक बाई मुद्दाम विमानाने आल्या होत्या. आजच्या दुपारीच काय तो निकाल लागायचा. शरीनाला गोलकीपर व्हायचं होतं आणि तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

आजी तिच्याशी पापियामेंतूत (बेटावरची बोली) बोलत होती आणि ही उत्तरं देत होती डचमध्ये. मी लताकडे पाहिलं. ‘‘बघू नकोस अशी,’’ लता म्हणाली. ‘‘माझी पोरं तरी काय वेगळं करतात? मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र डचच.’’

‘‘लाड तुझेच,’’ मी म्हटलं. त्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली.

टिलबर्गचं मैदान गावाबाहेर, मोठमोठ्या गोदामांच्या पाठीमागे होतं. गवत असं कापलेलं की पाय ठेवायला मन होईना. वारा मात्र हाडं गोठवणारा, आणि महिना म्हणे उन्हाळ्याचा. आजीने डबा उघडला. पास्तेची नावाच्या तिखट करंज्या गरम नव्हत्या, तरी चीज घातलेल्या दोन मी मटकावल्या. मग आजीने आग्रह केला म्हणून तिसरी. आग्रह करणारी माणसं मला फार आवडतात.

सामन्याआधी प्रशिक्षक बाईंनी मुलींना एकच अट घातली. मैदानावर हाका मारायच्या त्या पापियामेंतूत. बेटावरच्या मुलींबरोबर खेळायचं, तर भाषा एक हवी. लताने मला हे मराठीत सांगितलं तेव्हा शरीनाचा चेहरा पडलेला मला लांबूनही दिसला.

गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून पुढच्यांना सावध करायचं काम तिचं. ही पोरगी हात वर करायची, तोंड उघडायची आणि मिटायची. पाठोपाठ दोन गोल झाले. प्रशिक्षक बाई कडेने चालत तिच्याजवळ, आमच्या अगदी समोर आल्या आणि डचमध्ये काहीतरी बोलून परत फिरल्या.

‘‘मुकी गोलकीपर मला नको, म्हणाल्या,’’ लता हळूच म्हणाली. धड ओळखही नाही, तरी त्या पोरीसाठी मला अगदी रडू यायला लागलं.

तेवढ्यात परत चेंडू आला. पुढच्या दोघी बचावपटू लांब लांब उभ्या, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. आणि शरीना कडाडली, ‘‘सेरा पोर्ता!’’

दोघी दचकून जवळ आल्या. चेंडू त्यांच्या पायांना लागून बाहेर गेला.

आजी डबा हातात घेऊन उठलीच. ‘‘दार लाव! हे तर मी तिला म्हणते. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून जाते ना, तेव्हा.’’

मग शरीना थांबेचना. कोणी फार पुढे गेली की ‘‘घरात ये’’. कोणी पडली की ‘‘ऊठ, किती लोळशील’’. आजी डचमध्ये अर्थ सांगायची, लता मला मराठीत सांगता सांगता हसत होती आणि आजी तोंडावर हात ठेवून, ‘‘अगं बाई, सगळा माझाच ओरडा’’ असं पुटपुटत होती. मैदानावरच्या मुलींना तर एकेक हाक बरोबर कळत होती. त्यांच्याही घरी हीच बोलणी खाल्लेली असणार. त्यानंतर गोल झाला नाही.

सामना संपल्यावर प्रशिक्षक बाईंनी तिला बोलावलं. ‘‘ही भाषा कुठे शिकलीस?’’

‘‘घरी. मला एवढंच येतं.’’

‘‘आमचं अख्खं बेट एवढ्यावरच चालतं,’’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी गोलकीपरची जर्सी तिच्या अंगावर टाकली.

परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच घोळत होतं. आपण पोरांना भाषा द्यायची म्हणून गोष्टी सांगतो, श्लोक शिकवतो, आणि त्यांच्या अंगात मुरतं ते भलतंच. रोजचं करवादणं. पण वेळेला तेच धावून येतं. लताला सकाळी उगाच बोलले, असं वाटलं आणि तिचा हात धरून बसले.

समोर शरीना आजीला खेटून बसली होती. ती अडखळत अडखळत, पण चक्क पापियामेंतूत काहीतरी म्हणाली. आजीने लताला डचमध्ये सांगितलं, लताने मला.

‘‘आजी, आणखी रागाव ना. मला आता खूप शब्द लागतील.’’

आजी डोळे पुसून म्हणाली, ‘‘आज कशावरून रागावू गं तुला?’’