‘टेन’चा पहिला आवाज

रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून मी रविवारी सकाळी घरी न जाता थेट मैदानावर जायची. नर्सच्या नोकरीत तेवढीच दोन तासांची मोकळी हवा. त्या रविवारी मात्र पोटऱ्यांत गोळे आले होते आणि उन्हानं डोळे चुरचुरत होते.

आमचा खेळ अल्टिमेट फ्रिस्बी. प्लास्टिकची चकती झेलली की धावायचं नाही, उभ्या जागेवरून दुसऱ्याकडे फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसानं झेलली की गुण. समोरच्या संघातला एकजण पुढ्यात उभा राहून मोठ्यानं मोजतो, ‘स्टॉलिंग, वन, टू...’ ‘टेन’ शब्दाचा पहिला आवाज निघायच्या आत चकती हातातून सुटली नाही, तर ‘स्टॉल’ झाला, चकती त्यांची. आमच्याकडे पंच नसतो. काय घडलं ते ज्यानं त्यानं खरं सांगायचं. मी सगळ्यांत वयस्कर, म्हणून नियमांवरून वाजलं की दोन्हीकडची पोरं माझ्या तोंडाकडे बघत. त्याचाही आताशा कंटाळा आला होता.

गुण बरोबरीत होते, शेवटचा गुण चालू होता आणि चकती माझ्या हातात आली. मोजायला पुढे आला तो कळमेश्वरच्या एका कारखान्यात काम करणारा, तिशीतला उंच माणूस. तो बोलताना अडखळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आकडे सहसा जमायचे त्याला. ‘नाइन’पर्यंत नीट आला. आमचं कोणीच मोकळं दिसेना. मग त्याची जीभ टाळूला चिकटली. मान ताणली, डोळे मिटले, पण आवाज काही फुटेना. तेवढ्यात आमची एक मुलगी टोकाच्या पट्ट्यात, कोपऱ्यात मोकळी सुटली. मी फेकली, तिनं झेलली. सामना आम्ही जिंकलो.

त्यांचा एक पोरगा धावत त्याच्याकडे आला. “स्टॉल झाला ना गा! काहून चूप आहे?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, तुम्हीच सांगा, एवढ्या वेळात टेन होऊन गेला असता का नाही?”

“वेळ गेली होती, खरं आहे,” मी म्हटलं. “पण टेन मला ऐकू आला नाही. आणि स्टॉल झाला म्हणायचं तर ते यांनीच म्हणायचं.”

नियमानं ते बरोबर होतं. तरी मला बरं वाटेना. “हवं तर चकती परत माझ्या हातात द्या, नाइनपासून पुन्हा मोजा,” मी म्हटलं.

मोजणाऱ्यानं नकारार्थी मान हलवली. “नाही निघाला आवाज,” तो शेवटी म्हणाला. “गुण तुमचा.”

नंतर कडुनिंबाखाली पाणी पिताना मी त्याच्याजवळ गेले. बोटांवर मोज, नाहीतर तुझ्या बाजूचं कोणी मोजेल, आम्ही हरकत घेणार नाही, असं सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

“ताई, कंपनीत, घरी, दुकानात, मी बोलाले लागलो का लोकं...” इथं तो अडला. ‘वाक्य पूर्ण करतात’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. “...लोकंच माह्यं बोलणं पुरं करून टाकतात. इथं दहापर्यंत मधात कोणी बोलत नाही. मले तेवढं राहू द्या.”

मी बरं म्हटलं. आणखी काही सुचण्याइतकी मी जागीही नव्हते.

पुढचे काही रविवार त्याच्या संघानं त्याला मोजण्यापासून लांबच ठेवलं. तो भांडला नाही. एके दिवशी कोणाला न विचारता पुढे आला आणि फेकणाऱ्यासमोर हात पसरून मोजायला लागला. मी मैदानाच्या कडेला होते; त्यांचा तोच पोरगा वैतागून माझ्याकडे आला, “ताई, इतकं हळू मोजणं नियमात बसते का?”

“घाईनं मोजायला बंदी आहे,” मी सांगितलं. “हळू मोजायला नाही.”

आणि त्याचं मोजणं ऐकत, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले.