बायाबाईच्या बोटांचं माप

आसगावच्या ढिवर मोहल्ल्यात जाळं विणायला बसलेला प्रत्येक माणूस हातात बांबूची पट्टी धरतो. पट्टीवरून दोरा घ्यायचा, गाठ मारायची, पुढं सरकायचं, म्हणजे जाळ्याचं प्रत्येक घर एका मापाचं होतं. बायाबाईला पट्टी नामंजूर होती. ती डाव्या हाताची दोन बोटं जोडायची आणि त्यांच्यावरूनच दोरा घ्यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “लाकडाले का समजते?” गर्वच होता तो, झाकायचा कशाला. पण वीस वर्षांत तिच्या फेकजाळ्याचं एक घर दुसऱ्याहून लहानमोठं निघालं नव्हतं, तेव्हा तो तिला शोभायचा.

म्हणून त्या कार्तिकात तिचा चुलत दीर धनीराम ओलं जाळं खांद्यावर टाकून दारात उभा राहिला, तेव्हा तिला आधी काही कळेचना. झालं होतं ते असं. पावसाळ्यात मासेमारांच्या संस्थेनं तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासोळीची पिल्लं सोडली होती. ती वाढेपर्यंत काढायची नाहीत, असा साऱ्या मोहल्ल्याचा नेम. जाळ्याचं घर नीट असलं की पिल्लं आपोआप निसटतात. धनीरामनं बायाबाईचं नवं जाळं फेकलं आणि ओढलं तर ओंजळभर बोटुकली अडकलेली, तीही चार लोकांच्या देखत.

“वयनी, लोक म्हणून राहिले का मी मुद्दाम बारीक जाळं करून घेतलं,” धनीराम म्हणाला. “हे तुमच्याच हातचं व्हय ना?”

“पहिल्या गाठीपासून माह्याच हातचं.”

“मंग असं काहून झालं?”

दुसरी बाई असती तर भांडली असती. बायाबाईला राग आला, नाही असं नाही. कानशिलं तापली तिची. पण त्या ‘काहून’नं तिला पकडलं. लहानपणी शेवटची गाठ कशी बसते ते पाहायला तिनं बापाचं कोरं जाळं अर्धं उसवलं होतं आणि सडकून मार खाल्ला होता. तो गुण काही गेला नव्हता.

धनीराम गेला तशी ती कामाला लागली. नायलॉनचा दोरा आटत नाही, म्हणजे दोऱ्याचा दोष नाही. माळ्यावरून नवऱ्याचं, लिलाधरचं सहा वर्षांचं जुनं जाळं काढलं, अंगणात पसरलं, त्यावर नवं ठेवलं. घराला घर जुळेना. मग दोन बोटं नव्या जाळ्याच्या घरात घातली. अगदी चपखल बसली. जुन्याच्या घरात घातली, तर इकडून तिकडं हलायला लागली. तिनं मोहल्ल्यात फिरून त्या वर्षीची आपली सगळी जाळी मागून घेतली, आणि बायका हसल्या तरी हटली नाही. माघातल्या जाळ्याचं घर जरासं लहान होतं, वैशाखातल्याचं आणखी लहान, धनीरामचं सगळ्यांत लहान. म्हणजे एका दिवसाची चूक नव्हती. महिन्यामागून महिना घर आवळत आलं होतं आणि विणणारीला पत्ता नव्हता.

आता मात्र ती घाबरली. हात गेला की काय आपला? शेत नाही, शिक्षण नाही. नवेगावापर्यंत कोणी ओळखत असेल तर ते जाळ्यावरून. तेवढंही गेलं तर बायाबाई म्हणून उरलं काय? लिलाधर जेवताना नुसता “पट्टी घे ना मंग” म्हणाला, तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची सुलोचनाबाई तिला ओढून पवनीच्या बाजारात घेऊन गेली. सुलोचनाबाईला जाळं विणता येत नव्हतं, पण बोलता फार येत होतं. बांगडीवालीपाशी दोघी बसल्या. बायाबाई म्हणाली, “दोन-आठ द्या.” बांगडीवालीनं तिचा हात दाबून पाहिला आणि दोन-चारच्या बांगड्या काढल्या. साबण नाही, फडकं नाही, सरसर चढल्या.

“आजारी होत्या का बाई?” बांगडीवालीनं विचारलं.

“नाई.”

“मग हाडंच का लागून राहिले हाताला?”

बायाबाईनं आपला पंजा उचलून नीट पाहिला. मग सुलोचनाबाईचा हात ओढून शेजारी धरला. सुलोचनाबाईच्या हातात दोन-आठ घट्ट बसत होत्या. पूर्वी दोघींचं माप एकच होतं. बायाबाई चक्क हसायला लागली. हात गेला नव्हता! बोटं वाळली होती. गाठ तीच, नजर तीच, माप तेवढं बारीक झालं होतं. अर्ध्या रस्त्यापर्यंत ती ऑटोत खुशीत होती.

“पण वाळली काहून तू?” सुलोचनाबाई म्हणाली. “दुपारी जेवते का नाई?”

बायाबाई आठवायला लागली. दुपारी? गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षापासून ती आणि तिची थोरली जाऊ मंगलाबाई रोज दुपारी अंगणात समोरासमोर बसून जाळी विणायच्या. सूर्य डोक्यावर आला की भात आणि लाखोळीची डाळ एकाच ताटात वाढून घ्यायच्या. अर्धा शीण त्या जेवणात जायचा आणि अर्ध्या मोहल्ल्याची निंदाही तिथंच व्हायची. गेल्या पौषात मंगलाबाई तीन दिवसांच्या तापानं गेली. तेव्हापासून ती वेळ आली की बायाबाई उठायचीच नाही, विणत राहायची. दरसाल पाच-सहा जाळी व्हायची, त्या वर्षी अकरा झाली. लोक म्हणाले, बाई सावरली. तिलाही तसंच वाटलं होतं.

घरी आल्यावर तिनं लिलाधरला सरळ विचारलं, “मी वाळली ते तुमाले दिसलं नाई?”

“दिसलं ना,” लिलाधर म्हणाला. “पण तू विणून राहिली होती. म्हटलं, विणते म्हणजे ठीक असन.”

यावर चिडायचं की काय, हे तिला कळेना. ती खाली बसली आणि रडली. दहा महिन्यांत पहिल्यांदा. “मले मंगला पाहिजे,” असं मोठ्यानं म्हणाली आणि पुन्हा म्हणाली. लिलाधर बाजूला बसून राहिला. त्याला दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं तर दुसरं काही लागतही नव्हतं.

सकाळी त्यानं बांबूची एक पट्टी तासून, घासून तिच्यासमोर ठेवली. धनीरामला जाळं नव्यानं विणून द्यायचं होतं, त्याची इज्जत अडकली होती त्यात. बायाबाईनं पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली, चांगली झाली म्हणून नवऱ्याला सांगितलं आणि कोनाड्यात ठेवून दिली. दुपारी तिनं कुंपणावरून सुलोचनाबाईला हाक मारली आणि समोर बसवलं.

“बोटं दे तुही. दोन जोड.”

सुलोचनाबाईनं बोटं जोडून पुढं केली. बायाबाईनं त्यांच्यावरून दोरा घेतला आणि गाठ मारली. मग दुसरी, मग तिसरी. पहिली ओळ होईपर्यंत सुलोचनाबाईचा हात भरून आला, तरी तोंड चालूच होतं.

“बाप्पा, किती दिवस धरू अशी?”

“माही बोटं भरेपर्यंत.”

सुलोचनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. “मंग भात इथंच घेऊन येतो,” ती म्हणाली.