मेजरच्या पायातले बूट

नोकरीतली ही एक घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो.

डोंगरकड्याजवळच्या एका गावात निवृत्त फौजी स्वतःच्या हळदीच्या शेतात मरून पडलेला सापडला. हवालदार म्हणून सुटला होता, पण गाव त्याला मेजर म्हणायचं. ऐन जवानी सरहद्दीवर बर्फात काढलेला माणूस. शेतात जातानाही पॉलिश केलेले फौजी बूट घालायचा. पंचनामा करताना मी पाहिलं, तर पाय उघडे. रानाला पाणी दिलेलं, सगळीकडे चिखल, आणि तळवे मात्र स्वच्छ. म्हणजे तो पडल्यावर कोणीतरी बूट काढले होते. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि बुटांची गोष्ट गावात फुटू दिली नाही. तेव्हा ती मला हुशारी वाटली.

दुपारी गावातल्या माझ्या खबऱ्याचा फोन आला, "सायेब, काल सांजच्याला धाकट्या भावासंगं बांधावरून लई वाजलं."

भावाला उचलून ठाण्यात आणलं.

"बूट कुठं आहेत?"

"मला न्हाई ठावं, सायेब."

मी तेच विचारत राहिलो, तो तेच सांगत राहिला. शेवटी त्याने हात जोडले. "दादाला पोरगा न्हाई. आग मलाच द्यायची हाय. तेवढं करून येतो, मंग बसवा कितीबी दिस."

"आधी बूट," मी म्हणालो.

संध्याकाळी मेजरला जावयाने अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला. हृदयविकार. अंगावर साधा ओरखडा नव्हता. राहिले ते फक्त बूट, म्हणून मेजरच्या बायकोचा जबाब घ्यायला घरी गेलो. बूट खाटेखाली होते, पुसून, जोडीने ठेवलेले.

"मीच काढले," ती म्हणाली. "न्याहारी घेऊन गेले तं हे पडलेले."

"काढले कशाला?"

"तिकडं बर्फात यांचे सोबती मेले, त्यांचे बूट यांनीच काढले. म्हनायचे, त्यांच्यापाशी घरचं मानूस न्हवतं. माझी येळ आली तं बूट तू काढ. घरी येऊन मेलो असं वाटंल मला."

"मग काल सांगितलं का नाही?"

"तुमी मला काई इचारलंच न्हाई, सायेब. दिराला बांधाच्या भांडणापायी नेलं असंल, असं वाटलं."

खरं होतं. पंच पुरुष, जबाब पुरुषांचे. ती बायकांत बसली होती आणि मी तिच्या समोरून दोनदा गेलो होतो.

ठाण्यात परतून भावाला सोडलं. त्याने एवढंच विचारलं, "आग कोनी देली?"

"जावयाने."

मान हलवून तो अनवाणीच चालू लागला. चपला ठाण्याच्या दाराशी राहिल्या.

पुढच्या सगळ्या नोकरीत, मयताच्या घरी गेलो की आधी घरातल्या बाईपाशी बसायचो. पण त्याचा या भावाला काय उपयोग? सावडण्याच्या दिवशी चपला शिपायाकडे न देता मी स्वतः स्मशानात घेऊन गेलो. त्याच्या पायांशी ठेवायला वाकलो आणि माझे डोळे भरून आले.

"सरका, सायेब," तो म्हणाला. "आता तरी दादाला मला उचलू द्या."