छापील यादीतली जादा गोळी

ती घटना अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी पनवेलला निरीक्षक होतो. सकाळी एका खासगी रुग्णालयातून पोलीस ठाण्यात कळवण्यात आलं, की खाडीकाठच्या गावातली एक म्हातारी कोळीण बेशुद्ध अवस्थेत दाखल आहे, रक्तातली साखर एकदम उतरली आहे. ठाणे अंमलदार डायरीत नोंद करत होता, तेवढ्यात म्हातारीच्या मुलीचा फोन आला.

"साहेब, माझ्या भावजयीनं आईला जास्त गोल्या चारल्या. दोघींचं कधीच पटलं नाय."

सुनेला ठाण्यात आणलं. महिला शिपाई समोर होती. मी तोच प्रश्न तीनदा विचारला, आवाजही चढवला.

"कागदावर हाय तंच दिलं, साहेब," तिने पिशवीतून रुग्णालयाने दिलेली औषधांची छापील यादी काढली. "मना इंग्रजी येत नाय. कागदावरची अक्षरं पाकिटावर जुळवते नि देते. साखरेच्या दोन कशाला, म्हनून नर्सबाईला इचारलं पन होतं. ती बोलली, यादीत हाय ना, मग द्यायच्या."

खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट थोडी सुधारून घेतो. हिने एक शब्द बदलला नाही. हे मला दिसत होतं. तरी यादी संगणकातून आलेली, तिच्यात चूक कशी असेल, बाईच काहीतरी लपवतेय, असं मी धरून चाललो आणि तिला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं.

दुपारनंतर यादी घेऊन मी स्वतः रुग्णालयात म्हातारीच्या डॉक्टरांकडे गेलो. वाचता वाचता ते थांबले.

"या दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे. कंपनी वेगळी, म्हणून नाव वेगळं. जुनी तर मी मागच्या खेपेला बंद केली होती."

त्यांनी हाताने लिहिलेला केसपेपर मागवला. जुन्या गोळीवर काट मारलेली होती, खाली सही. संगणकावर नोंदी करणाऱ्या मुलीला बोलावलं. ती रडवेली झाली. "नवीन गोळी टाकली, सर. जुनी काढायची राहिली." संध्याकाळी मी सुनेला घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी जबाब देण्याइतकी सावरली. "सून द्यायची नि मी घ्यायची. तिच्यावर आळ कशाला घेता?" एवढंच म्हणाली.

दुरुस्त केलेली यादी मी सुनेपुढे धरली. तिने हात मागे घेतला.

"ही ननंदेला द्या, साहेब. मी आता कोनाला गोली देनार नाय."

छापील कागद खरा आणि समोरचा माणूस खोटा, हे मी किती सहज मानलं होतं! पुढे नोकरीत कुठलाही कागद हातात आला, की तो कोणी लिहिला आणि शेवटचा कधी तपासला, हे मी आधी विचारू लागलो. ती यादी दुरुस्त व्हायला पाच मिनिटं लागली. त्या बाईचा बाकावर गेलेला दिवस मात्र मला दुरुस्त करता आला नाही.