गळ्यातली गाठ आणि आत्याचा राब

गळ्यात लिंबाएवढी गाठ घेऊन मी मे महिन्यात डोळखांबला निघालो. गाठ साधी आहे, कर्करोगाची नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. न कापता ती उष्णतेनं जाळायच्या दोन नव्या तऱ्हा होत्या, लेसरची आणि रेडिओलहरींच्या सुईची. आठवड्यात निवड कळवायची होती. मी एसटी स्थानकावर गाड्यांची घोषणा करणारा माणूस. आवाज गेला तर हातात नुसतं वेळापत्रक उरणार. जाम घाबरलो होतो, म्हणून आत्याकडे पळालो.

शहापूरहून जीप धरली. वाटेतलं शेणवा गाव येईपर्यंत माझी गाठ सगळ्या जीपची झाली होती. शेजारच्या मावशींनी तर दाबूनही पाहिली.

"डाग (तापलेल्या विळ्याचा चटका) द्यायचा सोडून मुंबईला कशाला गेलात, भाऊ?"

"तिथंही जाळणारच आहेत, मावशी."

"मग आमचा विळा काय वाईट हाय?"

यावर जीपचं एकमत झालं. मी कॉलर उभी केली.

पोचलो तेव्हा आत्या राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून भाजायची जमीन) भाजत होती. मी "जयभीम" म्हणायच्या आत तिने आग झोडपायला ओला टहाळा हातात देऊन मला बांधावर उभं केलं. दोन्ही तऱ्हा मी तिथूनच ओरडून सांगितल्या. लेसरची तार एका जागी ठेवून भोवतालचं जाळतात. सुई थोडंथोडं जाळत सरकवतात.

"बरी कुठली?"

"डॉक्टर म्हणतात, दोन्ही बऱ्या."

"मग त्याचा हात कशावर बसलाय, विचारलास? नी कडेला काय हाय? आमच्या बांधाला आंबा हाय, म्हणून आधी कड साफ केली, तुला उभा केला. तुझ्या गाठीच्या कडेला काय हाय रे?"

आवाजाची नस. मला ठाऊक होतं, पण विचारायची हिंमत झाली नव्हती. मी या विचारात असतानाच ठिणगी उडाली आणि माझ्या चपलेचा पट्टा जळाला. आंबा वाचला म्हणून आत्या खूश. रात्री नाचणीची भाकरी आणि सुकट पोटभर खाल्लं. सकाळी तिच्या चपला घालून परतलो.

डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले. त्यांचा हात सुईवर बसला होता. नसेपाशी ते कड सोडणार होते, आणि मला जागंच ठेवणार होते. "बोलत राहा. आवाज बदलला की मी थांबेन," म्हणाले.

गळा बधिर केला. सुई आत सरकू लागली.

"बोला काहीतरी."

 मी डोळे मिटून म्हणालो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. डोळखांबला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

नर्स हसली. आवाज माझाच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर सुई बाहेर काढेपर्यंत मी मुरबाडच्याही सगळ्या गाड्या सोडून टाकल्या.