चमनची तालीम

चमनला तुम्ही कधी पाहिलं नसेल. तो दिसूच नये, हेच त्याचं काम होतं. मी रंगमंचावर राणी झाले, वेडी झाले, दोनदा सती गेले, आणि त्या सगळ्या काळात तो डाव्या विंगेत लाकडी स्टुलावर संहिता घेऊन बसलेला असे. आमच्या कंपनीचा प्रॉम्प्टर. नट अडखळला की पुढचा शब्द तो इतका हलक्यानं द्यायचा, की पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, बाईंनी हा थांबा मुद्दामच घेतला. सांगलीला एकदा अंगात सणकून ताप असताना मी अख्खा तिसरा अंक त्याच्या आवाजावर बोलले. पडदा पडल्यावर लोक मला भेटायला आत आले, तेव्हा हा कोपऱ्यात बसून शांतपणे पानाला चुना लावत होता.

कंपनी बंद पडली. आम्हा नटांना मालिकांमधून आज्या आणि आत्या करायला मिळाल्या. प्रॉम्प्टरला कोण बोलावणार? चमन कुठं गेला, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानंही कुणाचं दार वाजवलं नाही. तो एसटी स्टँडमागं एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपत होता, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही संयोगिताताईंकडून.

संयोगिताताई ‘ओसरी’ नावाची संस्था चालवतात. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला आश्रमात नेऊन टाकायचं नाही, त्याला साधी भाड्याची खोली बघून द्यायची, भाडं संस्थेनं भरायचं, आणि तो सावरेपर्यंत त्याच्याकडं जात-येत राहायचं, एवढंच त्यांचं काम. चमनला त्यांनी गडमुडशिंगीला खोली दिली. महिनाभरानं हा त्यांच्या दारात उभा. म्हणाला, मला झोपायला जागा दिलीसा, आता काम बी द्या. तेव्हापासून इतरांसाठी खोल्या शोधणं हे त्याचं काम झालं.

ते काम सोपं नाही. शाहूपुरीतल्या बोळाबोळातून, राजारामपुरीच्या गल्ल्यांमधून तो पायी हिंडायचा. घरमालक विचारायचे, पावणं, गाव कुठलं, खोली कुणाला पाहिजे, माणसं किती, खाणंपिणं काय. याचं नाव ऐकलं की काही जण खोली कालच गेली म्हणायचे. हा हसून पुढच्या दाराची कडी वाजवायचा. माझ्या फ्लॅटवर आठवड्यातून एकदा चहाला आला की या मालकांच्या अशा नकला करायचा, की मला वाटायचं, याला आम्ही उगाच विंगेत बसवून ठेवलं.

ओसरीचं बहुतेक भाडं पुण्याच्या एका निधीकडून येत असे. त्या मदतीची मुदत यंदा संपत आली. पुढचे पैसे द्यायचे की नाहीत, हे ठरवण्याआधी ते एक बाई पाठवणार होते. त्या हिशेब तपासणार, आणि ज्यांच्यासाठी भाडं भरलं ती माणसं खरंच त्या खोल्यांत राहतात का, हे त्यांच्याच तोंडून ऐकणार. समाधान झालं तर पैसे चालू. नाही झालं, तर खोल्या सोडायच्या. सोडून जायचं कुठं, हे कुणाला सांगायला नको होतं.

हिशेबाची काळजी नव्हती. संयोगिताताई रिक्षाची पावतीसुद्धा जपून ठेवतात. चमनला घोर होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

“आक्का,” तो मला म्हणाला, “फाईल घेतलेलं माणूस समोर आलं आनि ‘तुम्ही हितं राहता का’ म्हणून इचारलं, की आमची माणसं काय म्हणत्यात म्हाईत हाय? न्हाय म्हणत्यात. जलमभर ‘व्हय’ म्हटलं की काठी बसल्या, बोचकं फेकून दिलंय. मी बी न्हायच म्हणत हुतो.”

रस्त्यावर झोपणाऱ्याला हे शिकावंच लागतं. मी इथली नाही, जरा टेकले, ही निघाले. असं म्हटलं की हवालदार पुढं जातो. खोली मिळून तीन वर्षं झाली, तरी ही सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

मग चमननं त्याला येत होतं ते केलं. तालीम घेतली.

संध्याकाळी तो एकेका खोलीत जाऊन बसायचा आणि माणसाकडून घोकून घ्यायचा. तानाबाईची तालीम मी स्वतः पाहिली. ही तानाबाई एका खानावळीत भाकरी थापायची. खानावळ बंद झाली तशी देवळाबाहेर बसू लागली. आता शाहूपुरीत एका गोदामामागच्या खोलीत राहत होती. चमन तिच्यासमोर उकिडवा बसला होता आणि ती डोळे मिटून म्हणत होती, “माझं नाव तानाबाई. मी ह्या खोलीत राहती. माझ्याजवळ किल्ली हाय. मला हितनं कोण उठवत न्हाय.”

“किल्लीच्या आदी जरा थांब,” चमन म्हणाला. “छातीवर हात ठेव. मग बोल.”

ती थांबली, हात ठेवला, बोलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

पुण्याहून आल्या त्या तेजस्वी नावाच्या तिशीतल्या बाई. गोड स्वभावाच्या, कुठलाही तोरा नाही. सकाळी हिशेब पाहिले आणि मोकळेपणानं म्हणाल्या, इतका स्वच्छ कारभार मी फार कमी ठिकाणी बघितला. संयोगिताताईंचा चेहरा उजळला. मग आम्ही खोल्या बघायला निघालो, चमन मागोमाग. माझ्यासारखी म्हातारी सोबत असली की माणसं सैल होतात म्हणून संयोगिताताईंनी मलाही घेतलं होतं.

पहिली खोली जोतीरामची. हमाली करताना पाठ मोडलेला गडी. तो उभा राहिला आणि म्हणाला, मी ह्या खोलीत राहतो. थांबला. छातीवर हात ठेवला. माझ्याजवळ किल्ली हाय. तेजस्वीबाईंनी कौतुकानं लिहून घेतलं.

दुसऱ्या खोलीत तीच वाक्यं, तोच थांबा, तोच हात. तिसऱ्या खोलीत थांबा आला तेव्हा तेजस्वीबाईंनी पेन वहीवरून उचललं आणि पुन्हा टेकवलं नाही. मी आयुष्यभर प्रेक्षकांचे चेहरे वाचले आहेत. प्रेक्षक हातातून गेला की तो खोकत नाही, चुळबुळत नाही. तो फक्त सभ्यपणे ऐकत राहतो. त्या तशा ऐकत होत्या.

शेवटी तानाबाई. नाव सांगितलं, खोली सांगितली, छातीवर हात गेला, आणि ती अडली. ओठ हलेनात. बाहेर उभ्या टेंपोचं इंजिन तेवढं चालू होतं. तेवढ्यात दाराआडून, हलक्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून शब्द आले.

“माझ्याजवळ किल्ली हाय.”

तीस वर्षांची सवय. नट अडला, आणि चमनच्या तोंडून शब्द गेला. एवढंच झालं. पण तेजस्वीबाईंनी वळून दाराकडं पाहिलं, मग संयोगिताताईंकडं पाहिलं, आणि फाईल मिटली.

बोळात उभं राहून चमननं त्यांना सगळं सांगितलं. हवालदार, काठी, ‘न्हाय’ म्हणायची सवय, सगळं. हात जोडले नाहीत, पण आवाज फुटत होता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “काका, मला तुमचं खरं वाटतंय. उद्या मी न सांगता पुन्हा येते. तुम्ही मात्र येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी त्या फक्त मला घेऊन गेल्या. तानाबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. आत शेगडीवर डाळ रटरटत होती. तेजस्वीबाई तिच्याजवळ खाली बसल्या, अगदी लेकीच्या मायेनं विचारलं, आजी, तुम्ही इथंच राहता ना?

तानाबाईनं आधी फाईलकडं पाहिलं. मग मागं पाहिलं, चमन कुठं दिसतो का ते. आणि उठली.

“न्हाय बाईसाब. मी न्हाय हितली. जरा टेकले हुते.”

मेथी पदरात गोळा करून ती बोळातून चालू लागली. अनवाणी. डाळ शेगडीवर, दार सताड उघडं. मी हाका मारत मागं गेले, तेव्हा ती कोपऱ्यावरच्या चक्कीआड भिंतीला चिकटून उभी होती.

परत आले तर तेजस्वीबाईंनी शेगडी बंद केली होती आणि त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. भिंतीवर देवाची तसबीर, दोरीवर लुगडं, कोनाड्यात औषधं. “मला दिसतंय हो,” त्या म्हणाल्या. “पण माणसानं स्वतः सांगायला हवं, असा नियम आहे. काल पाठ करून सांगितलं, आज नाही म्हणाल्या. मी काय लिहू?”

मी दोरीवरचं लुगडं सारखं करत राहिले. शब्दांवर जगलेली बाई मी.

बाकीच्या खोल्यांतही त्या दिवशी कुणी ‘हो’ म्हटलं नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, हिशेब निर्दोष, परिणामांची खात्री होऊ शकली नाही. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पैसे थांबले.

संयोगिताताईंनी गावातल्या ओळखींवर थोड्या खोल्या राखल्या. माझ्या मानधनातून जोतीरामची निघते. बाकीच्या सोडाव्या लागल्या. कुणाची राखायची, हे चमननंच सांगायचं होतं. त्यानं स्वतःचं नाव घेतलं नाही. गडमुडशिंगीची त्याची खोली तानाबाईला दिली, आणि तिला पुन्हा काही शिकवायला गेला नाही. दोघं जण मात्र आता स्टँडवर परत दिसतात. एक जण कुठं गेला ते कळत नाही. चमन त्याला शोधायला रंकाळ्यापर्यंत जाऊन आला.

मी त्याला माझ्या गॅलरीत ओढून आणलं. तिथं तो चटई टाकतो. सकाळी चहा घेतला की बाहेर पडतो, खोल्या शोधायला. भाड्याला एक पैसा नाही, तरी रोज. मी एकदा चिडून म्हटलं, अरे, कुणासाठी शोधतोस?

“आक्का, उद्या पैसं आलं आनि खोलीच नसली, तर मग कुठं पळू?”

काल संध्याकाळी तो आला आणि दारातच चपला काढत म्हणाला की शाहूपुरीत एक मालक हो म्हणाला. याचं नाव ऐकून, माणसं कुठली ते ऐकून, सगळं खरं ऐकून हो म्हणाला. आजवर असा कुणी भेटला नव्हता. सोमवारपर्यंत डिपॉझिट पाहिजे.

तो सोफ्याच्या कडेला बसला. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं. दोघांनाही माहीत होतं, की या घरात आता द्यायचं काही उरलेलं नाही.

“मालक चांगला हाय,” तो म्हणाला. मग पाणी मागितलं.